आडवे, उभे, तिरके

पहिलीतल्या मुंगीने पेन्सिल उचलली आणि कोड्याच्या कागदाकडे नीट पाहण्यापूर्वीच वरच्या ओळीवर लांबट गोल ओढला. मग उजव्या कोपऱ्यात एक उभा गोल. मग मधोमध एक तिरका. मुख्याध्यापिकांनी चष्मा वर सरकवला. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेल्या आत्याने हातातल्या पिशवीचा बंद बोटाला घट्ट गुंडाळला.

“गाडी सुसाट सुटली की!” दाराशी उभा असलेला मुंगीचा बाप म्हणाला.

“आपण जरा शांत राहा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

कोडे तसे सोपे होते. चौकटींमध्ये अक्षरे विखुरलेली, आणि त्यांत सुट्टीचे शब्द लपलेले. पहिलीच्या मुलांना खेळता खेळता वाचनाची गोडी लागावी, म्हणून वर्गाच्या बाई अशी कोडी स्वतः तयार करीत आणि सुट्टी लागताना वाटीत. मुंगी वाचनात मागे राहिली होती. तिला दुसरीत घालायचे की नाही, हा निकाल म्हणूनच अडला होता आणि आज या कागदावर ठरायचा होता.

परंतु त्या खोलीत केवळ इयत्ता ठरत नव्हती. आई वारल्यापासून मुंगी आत्याच्या अंगाखांद्यावर वाढली होती. बापाला आता दुसऱ्या शहरात गोदामात कायमची नोकरी आणि राहायला खोली मिळाली होती. तेथील शाळेत पहिलीचा वर्ग भरून गेला होता. दुसरीत मात्र जागा होती. मुंगी दुसरीत गेली तर तो तिला बरोबर नेणार होता. न गेली तर आणखी एक वर्ष ती आत्याकडेच राहणार होती.

“झालं!” मुंगीने पेन्सिल ठेवली.

“शाब्बास. हा वरचा शब्द कोणता?”

“समुद्र.”

“बोट ठेवून वाच बरं.”

मुंगीने बोट ठेवले आणि ते तिथेच थिजले. त्या गोलात एकमेकांशी कधी बोलणेही न झालेली तीन अक्षरे शेजारी शेजारी बसली होती. कोपऱ्यातल्या गोलात शंख नव्हता. तिरक्या गोलात प्रवास नव्हता.

“हा कागद नवा आहे, बाळ,” मुख्याध्यापिका हळू आवाजात म्हणाल्या.

बापाचा चेहरा खर्रकन उतरला. “अहो, काल घरी माझ्यादेखत धडाधडा केलं तिनं! एकही चुकलं नाही!”

“घरी कोणता कागद होता?” भिंतीजवळ बसलेल्या वर्गाच्या बाईंनी विचारले.

“समुद्राचा,” आत्या म्हणाली.

“आणि बाकीचे? मी तर गठ्ठाच दिला होता तुमच्याकडे.”

“आहेत. खराब होतील म्हणून जपून ठेवलेत.”

आत्या घरी शाळेचे गणवेश शिवीत असे. शिवलेले कपडे ज्या पारदर्शक पिशवीत जात, तसली एक पिशवी तिने समुद्राच्या कोड्यावर चढवली होती. मुंगीने वरून शाईने गोल ओढायचे, आत्याने ओल्या फडक्याने पुसायचे, मुंगीने पुन्हा ओढायचे. संपूर्ण सुट्टी हाच क्रम चालला. पुढे पुढे मुंगी खिडकीबाहेर पाहत गोल ओढी. आत्या तेव्हाही शिवणयंत्रावरून मान न उचलता “शाब्बास” म्हणे.

“ताई, अगं कागद काय तिजोरीत ठेवायचे असतात?” बाप म्हणाला. कोणी हसले नाही. तोही हसला नाही.

“शनिवारी पुन्हा घेऊ,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “तेव्हाही नवाच कागद असेल. नाही जमलं, तर पहिलीच. माझा नाइलाज आहे.”

रस्त्याने मुंगी पुढे पुढे उड्या मारीत चालली होती. दुकानाच्या वळणावर बापाने पावलांची गती कमी केली.

“ताई, एक विचारू?”

“विचार.”

“तुला कळलं नव्हतं? ती वाचत नाही ते?”

आत्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मशीनवर असते रे मी दिवसभर.”

“तेही खरंच,” तो म्हणाला आणि पोरीला हाक मारून पुढे निघून गेला.

घरी आल्यावर आत्याने शिवणयंत्र झाकून ठेवले. कपाटाच्या वरच्या फळीवर, कापडाच्या घड्यांखाली तो गठ्ठा होता. बाईंनी बांधलेली दोऱ्याची गाठदेखील सुटलेली नव्हती. तिने ती दातांनी तोडली आणि पहिला कागद जमिनीवर पसरला.

मुंगी पालथी पडून कागदाकडे पाहू लागली. बाहेर ओट्यावर बाप आपल्या सामानाला दोरी आवळीत होता.

“आत्या, मला नाही आलं तर मी इथंच राहणार ना?”

“हो.”

“मग तर बरंच की!” मुंगी खुदकन हसली आणि आवाज उतरवून म्हणाली, “मला येतच नाही म्हणून सांगू.”

ओट्यावरचा दोरीचा आवाज थांबला. आत्याने दाराकडे पाहिले नाही. तिने एक बोट कागदावर टेकवले.

“हे वाच.”

“येत नाही.” मुंगीचे डोळे मिस्कीलपणे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते.

आत्याचे ओठ ते अक्षर सांगायला हलले, पण तिने ते लगेच मिटले. तिने दुसऱ्या हाताचा पंजा कागदावर आडवा ठेवून बाकीची सगळी अक्षरे झाकली. आता एकच चौकट उघडी राहिली.

“येतं तुला,” ती म्हणाली. “माझ्या तोंडाकडे बघू नकोस. खाली बघ.”