मर्नाच्या उजव्या कानावरून

मी हेडसेट बोलतोय. खरं तर "मी बोलतोय" म्हणायची मला सवय नाही. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले आणि मी मुकाट्याने ओझं वाहिलं. पण आज कचेरीत शांतता आहे, मर्ना कॉफी आणायला गेली आहे, आणि माझ्या बॅटरीत अजून थोडा जीव आहे. तेव्हा माझी कहाणी सांगूनच टाकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले, म्हणजे हिरवा दिवा पहिल्यांदा लागला, तो मॅनिटोबा या बर्फाळ प्रांतातल्या डॉफिन गावात. घरं तापवणाऱ्या फर्नेस बसवायच्या आणि दुरुस्त करायच्या, असा धंदा करणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या कचेरीत. हिवाळा ऐन भरात होता. बाहेर उभ्या गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून त्यांच्या वायरी भिंतीतल्या प्लगात खोचलेल्या होत्या, आणि आत टेलिफोन क्षणभर दम घेत नव्हता.

तो टेलिफोन उचलणारी बाई म्हणजे मर्ना. साठी ओलांडलेली, आखूड पांढरे केस, आवाज मात्र खणखणीत. आयुष्यभर तिने रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला आणि दोन्ही हातांनी कामं उरकली. त्यामुळे तिची मान एका बाजूला अशी कलली होती, की समोरच्याला वाटावं, ही आपलं बोलणं फार लक्ष देऊन ऐकते आहे. शेवटी मान दुखून रात्रीची झोप उडाली. डॉक्टरने सांगितलं, रिसीव्हर सोडा, नाहीतर नोकरी सोडा. मर्नाने डॉक्टरच सोडला. मग मालकाने, कर्टिसने, मला मागवलं.

हा कर्टिस लहान असताना याच कचेरीत टेबलाखाली खेळायचा, आणि मर्ना त्याच्या नाकाला रुमाल लावायची. त्यामुळे तो नावाचाच मालक.

"हे काय आणलंस रे? विमान चालवायचंय का मला?" मर्ना म्हणाली.

"तू नुसती बस. मी जोडतो," कर्टिस म्हणाला.

जोडायला त्याला अर्धी सकाळ लागली. आधी माझी बैठक, म्हणजे मी ज्यावर बसून बॅटरी भरून घेतो ते ठाणं, टेबलावर ठेवून तिची वायर भिंतीत खोचली. दुसरी वायर टेलिफोनला. मग रिसीव्हरच्या खाली एक छोटा यांत्रिक हात बसवला. माझ्यावरचं एक बटण दाबलं की हा हात रिसीव्हर उचलणार, पुन्हा दाबलं की खाली ठेवणार. पहिल्या वेळी त्याने रिसीव्हर असा उडवला की तो सरळ मर्नाच्या कॉफीत.

"वा! चांगला हात आहे. माझ्या नवऱ्यासारखा," मर्ना म्हणाली.

कर्टिसने हात खाली-वर सरकवून बरोबर उंचीला बसवला. तरी फोनमधून चकार आवाज येईना. कर्टिस चिडला, पत्रक उलटंसुलटं वाचू लागला. शेवटी बैठकीच्या पोटाखाली एक लहानशी चकती सापडली. ती एकेक घर फिरवत गेला, आणि कुठल्याशा घरावर फोनचा तो लांबलचक सूर माझ्या कानाच्या गादीतून मर्नाच्या कानात शिरला. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, पण तिने ते लगेच गिळलं.

"आता हे नीट बघ," कर्टिस म्हणाला. "हे दुसरं बटण. दाबलंस की लाल दिवा लागतो. मग तू काहीही बोल, समोरच्याला ऐकू जात नाही."

"त्याला बटण कशाला? हात आहेत ना मला," मर्ना म्हणाली. तिची रीतच तशी होती. आयुष्यभर रिसीव्हरच्या तोंडावर तळहात दाबायचा, कचेरीतल्यांशी जे बोलायचं ते मोकळेपणाने बोलायचं, आणि हात काढून गोड आवाजात "हं, बोला" म्हणायचं.

दोन दिवसांत आमची गट्टी जमली. मला स्वतःला वायर नसल्यामुळे मर्ना बोलता बोलता उठायची, मागच्या खोलीत जाऊन फिल्टर आहे का बघायची, कुंडीला पाणी घालायची. एकदा तर मला कानावर घेऊन थेट स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत गेली आणि जीभ चावून परत फिरली. तिची मान हळूहळू सरळ होऊ लागली. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय, याचा मला मनापासून आनंद झाला. थोडा गर्वही झाला म्हणा ना.

मग मंगळवार उजाडला.

मंगळवारी सकाळी ओरेस्टचा फोन यायचा. ओरेस्ट म्हणजे याच कंपनीतला जुना कारागीर, आता निवृत्त. निम्म्या गावाच्या फर्नेस त्याच्या हातच्या. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नादिया वारली, आणि तेव्हापासून दर मंगळवारी त्याच्या फर्नेसला काही ना काही व्हायचं.

"मर्ना, पुन्हा घरघर करतेय."

"घरघर की खडखड?"

"खडखड गेल्या आठवड्यात होती. आता घरघर."

"फिल्टर बघितलास का?"

"आता तू मला फिल्टर शिकवणार? तुला स्क्रू कुठल्या बाजूने फिरतो ते तरी माहीत आहे का?"

असं दोघांचं चालायचं. फर्नेसवरून गाडी हवेवर, हवेवरून बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या क्लबातल्या जेवणावर, जेवणावरून कोणाच्या पिरोग्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, फुटल्या आणि कोणाच्या चामड्यासारख्या झाल्या त्यावर. अर्ध्या तासाने ओरेस्ट म्हणायचा, "बरं, अजून एक-दोन दिवस बघतो." कारागीर पाठवू का, असं मर्नाने कधी विचारलं नाही, आणि त्याने कधी मागितला नाही.

त्या मंगळवारीही गप्पा रंगात आल्या होत्या. तेवढ्यात कर्टिसने दारातून डोकं काढलं. "कोण आहे गं? लाइन कधीची अडकलीय."

मर्नाचा तळहात सवयीने वर गेला आणि माझ्या कानाच्या गादीवर दाबून बसला. ज्यातून आवाज पलीकडे जातो तो माझा तोंडासमोरचा दांडा मात्र मोकळाच राहिला. मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, बाई, बटण! पण माझं कोण ऐकतो?

"ओरेस्ट आहे रे," ती म्हणाली. "फर्नेसला काय धाड भरलीय त्याच्या! नादिया गेल्यापासून घर खायला उठतं बिचाऱ्याला. दोन शब्द बोलायला फोन करतो. मला कळतंय हे त्याला कळत नाही. बोलू दे म्हाताऱ्याला." मग हात काढून ती गोड आवाजात म्हणाली, "हं ओरेस्ट, काय म्हणत होतास?"

पलीकडे शांतता. इतकी शांतता मी आजवर वाहून आणली नव्हती.

"काही नाही," ओरेस्ट म्हणाला. "थांबली घरघर." आणि त्याने फोन ठेवला.

कर्टिस तिच्याकडे बघतच राहिला. "मर्ना, लाल दिवा लागला होता ना?"

"कुठला लाल दिवा?" ती म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा पडला.

तिने मला डोक्यावरून ओढून काढलं. "हा चोंबडा परत पाठव! आजच्या आज!" मी काय केलं होतं? बोललेलं पोचवणं हेच माझं काम. पण रागावलेल्या बाईपुढे कोणाची डाळ शिजते? बैठक, वायरी, यांत्रिक हात आणि मी, सगळे पुन्हा खोक्यात गेलो. मात्र थंडीच्या गडबडीत खोकं पाठवायला कोणाला सवड झाली नाही. ते कपाटावरच राहिलं, झाकण अर्धवट उघडं. त्यामुळे पुढचं सगळं मला दिसत होतं.

मर्ना रिसीव्हरकडे परत गेली आणि मान पुन्हा कलली. पुढच्या मंगळवारी सकाळपासून तिचं लक्ष फोनवर होतं. प्रत्येक घंटेला ती झडप घालायची, आणि दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज ऐकून तिचा सूर उतरायचा. ओरेस्टचा फोन आला नाही. दुपारी तिने आपण होऊन केला. तिकडे अन्सरिंग मशीन लागलं. तिने निरोप न सोडताच फोन ठेवला.

"घरी जाऊन ये ना त्याच्या," कर्टिस म्हणाला.

"कुठल्या तोंडाने जाऊ? इतकी वर्षं एकत्र काम केलं आम्ही. माणसाने अब्रू झाकायला एक फर्नेस पुढे केली होती रे, तीसुद्धा मी ओढून काढली."

त्याच्या पुढच्या मंगळवारीही फोन आला नाही. मर्नाने डबा उघडला आणि तसाच बंद केला. खोक्यात पडल्या पडल्या मला फार वाईट वाटत होतं.

आणि मग ती भयंकर थंडी आली. गावातल्या निम्म्या फर्नेस एकाच सकाळी रुसल्या. सगळे कारागीर बाहेर, कर्टिस स्वतः गाडी घेऊन बाहेर, कचेरीत मर्ना एकटी. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. कचेरीचीच फर्नेस बंद पडली! फर्नेस दुरुस्त करणाऱ्यांच्या कचेरीत मर्ना कोट, टोपी आणि जाड हातमोजे घालून बसली. हातमोज्यांतून रिसीव्हर सटकायचा, आणि काढले तर बोटं बधिर. तळघरात जाऊन फर्नेस बघावी, तर फोनची वायर तिथवर पोचत नव्हती.

तिने कपाटावर नजर टाकली. "ये रे चोंबड्या," ती म्हणाली.

या वेळी तिला कोणाची मदत लागली नाही. वायरी झटपट खोचल्या, यांत्रिक हात रिसीव्हरखाली सरकवला, चकती पूर्वीच्याच घरावर होती. हिरवा दिवा लागला. तिने टोपी मागे सारून मला उजव्या कानावर चढवलं आणि ओरेस्टचा नंबर फिरवला. अन्सरिंग मशीन लागलं.

"ओरेस्ट, मी मर्ना," ती म्हणाली. या वेळी तिने फोन ठेवला नाही. "आमची फर्नेस बंद पडलीय. थट्टा नाही, खरंच. इथे कोणी नाही. कुंडीतलं पाणीसुद्धा..."

खट्ट आवाज झाला. ओरेस्टने फोन उचलला होता.

"घरघर की खडखड?" त्याने विचारलं.

मर्नाने डोळे मिटून घेतले. "काहीच नाही. गप्प आहे."

"गप्प आहे म्हणजे खरीच बिघडलीय. खाली जा."

आम्ही तळघरात उतरलो. मर्नाने मला डोक्यावरून काढून फर्नेसच्या तोंडाशी धरलं. टिक, टिक, टिक, आणि पुन्हा शांत. ते सगळं मी इमानेइतबारे पोचवलं, आणि मर्नाने मला परत कानावर चढवलं.

"आता बाहेर जा. मागच्या भिंतीतून धूर सोडणारा पांढरा नळ निघतो, त्याचं तोंड बघ," ओरेस्ट म्हणाला.

मर्ना झाडू घेऊन मागच्या दाराने बर्फात उतरली. आता मी बैठकीपासून फार लांब आलो होतो. माझा आवाज चिरकू लागला, शब्द गळू लागले, पण मी नेट धरला. नळाच्या तोंडावर बर्फाची जाडजूड टोपी चढली होती. मर्नाने झाडूच्या दांड्याने दणके घातले.

"हळू! नळ आहे तो, नवरा नाही!" ओरेस्ट ओरडला.

मर्ना खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आम्ही पुन्हा तळघरात आलो. टिक, टिक, आणि मग भस्सकन ज्योत पेटली. तो आवाज ओरेस्टनेही ऐकला.

"झालं," तो म्हणाला. मर्नाने हातमोजे काढून फर्नेससमोर बोटं शेकली. फर्नेस तेवढी बोलत होती.

इतक्यात वर दार वाजलं. बूट आपटत कर्टिस आला आणि त्याने जिन्यावरून हाक मारली, "कोणाचा फोन आहे गं?"

मर्नाचा तळहात सवयीने वर उठला. मी धसकलो. पण हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. लाल दिव्याच्या बटणालाही तिने बोट लावलं नाही.

"ओरेस्टचा!" ती मोठ्याने म्हणाली. "त्याला सांगतेय मी, मंगळवारी त्याचा फोन आला नाही तर मला करमत नाही. डबासुद्धा खाववत नाही!"

ओरेस्टने घसा खाकरला. "मग मंगळवारी फर्नेस बिघडवावी लागेल," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला होता. तोही मी जसाच्या तसा पोचवला.

"बिघडवू नकोस," मर्ना म्हणाली. "फर्नेस चालू असतानाही फोन लागतो."

या गोष्टीला बरेच हिवाळे झाले. मी चोंबडा तो चोंबडाच राहिलो, पण खोक्यात पुन्हा गेलो नाही. मर्नाची मान आता ताठ आहे. माझी गादी मात्र सोलवटली, दांडा सैल झाला, आणि बॅटरी म्हातारी झाली. मागच्या महिन्यात कर्टिसने नवा हेडसेट आणला. देखणा आहे, दिवसभर टिकतो. मला वाटलं, संपलं आपलं. पण मर्नाने माझी बैठक खिडकीपाशी सरकवली आणि भिंतीतला प्लग काही काढला नाही.

माझ्या अंगात आता जेमतेम अर्ध्या तासाचा जीव उरलाय. तुम्ही माझे भाऊबंद वापरत असाल, तर एवढंच सांगतो: कोणाला टोमणा मारायचा असेल तर ते बटण आधी दाबा. आणि माया बोलायची असेल, तर कुठलंच बटण दाबू नका. आम्ही पोचवू.

मर्ना कॉफी घेऊन आली. नवा हेडसेट तिने काढून बाजूला ठेवला, आणि मला उचलून उजव्या कानावर चढवलं. आज मंगळवार. ती बघा, घंटा वाजली.

"हं, बोल ओरेस्ट."

"मर्ना," तो म्हणतोय, "फर्नेस अगदी ठणठणीत आहे."