वाफेपुरता आरसा

गोपाळकृष्ण बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले, त्या सुमारास सदाशिव पेठेतल्या गल्ल्या एकेक करून फ्लॅटच्या होत होत्या. नव्या भिंतींच्या मापात न बसणाऱ्या वस्तू लोक जुन्या बाजारात टाकून येत आणि गोपाळकृष्ण त्या उचलून आणत. पण फक्त पेट्या. लाखकामाची सावंतवाडीची पेटी, शिसवी लाकडात पितळी वेल जडवलेली पेटी, झाकणावर कुण्या विलायती राणीचे चित्र असलेला बिस्किटांचा डबा. रिकामी पेटी म्हणजे ओठांपर्यंत येऊन परतलेला शब्द, असे त्यांना वाटे. म्हणून प्रत्येक पेटीला ते कामाला लावत. राणीच्या डब्यात तूरडाळ, पानाच्या डब्यात रक्तदाबाच्या गोळ्या, लाखेच्या पेटीत सुई-दोरा.

"लोक फ्लॅटमध्ये माणसं ठेवतात," कुसुम म्हणायची. "आमच्याकडे डबे राहतात. आम्ही आपले पाहुणे."

पुढे कुसुमच्या बोलण्यातले हे तिखट गेले. मग नावे गेली, मग वार, आणि शेवटी भूक. घास समोर धरला की ती मान फिरवी. डॉक्टर म्हणाले होते, "वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. हे पेशंट नळी उपसतात, मग हात बांधावे लागतात." हे त्यांनी फार सौम्य आवाजात सांगितले होते. तो सौम्यपणाच गोपाळकृष्णांच्या मनात रुतून बसला.

तारले ते फणेरपेटीने. बायका पूर्वी वेणीफणीला बसत त्या वेळची ती छोटी सागवानी पेटी. आत मेणाचा, कुंकवाचा, फणीचा असे कप्पे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. आरशाचा पारा जागोजागी उडालेला, वर तपकिरी ढग जमलेले. एका दुपारी ती जेवणाच्या टेबलावर उघडी होती. कुसुमने आत डोकावले. ढगांत सुरकुत्या विरून गेल्या होत्या. उरले होते एक कपाळ आणि त्यावरचे कुंकू.

"ताई," ती म्हणाली.

मंदाकिनी, तिची थोरली बहीण. जाऊन किती वर्षे झाली होती. लहानपणी कुसुम तिच्याच हातून जेवे. आता कुसुमने वाटीतला घास उचलून आरशाला लावला, ताईचे खाऊन होईस्तोवर थांबली, आणि मग स्वतः खाल्ला. त्या दिवसापासून फणेरपेटी उघडल्याशिवाय त्या घरात जेवण झाले नाही. वर्षभर त्या दोघी बहिणी जेवल्या आणि गोपाळकृष्ण वाढत राहिले.

त्यांची मुलगी ऋचा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती, शनिवारी येई. त्या शनिवारी तिने आरशावर वाळलेली आमटी आणि शिते पाहिली. वडील झोपलेले असताना ती पेटी घेऊन काचवाल्याकडे गेली.

"बाबा, हे बघा," संध्याकाळी तिने झाकण उघडले. "त्या जुन्यात आईला काही दिसत तरी होतं का? आता कसा लख्ख."

गोपाळकृष्णांनी त्या लख्ख काचेत आपला चेहरा पाहिला. "छान," ते म्हणाले. दुसरे काही म्हणण्याइतका श्वास त्यांच्यापाशी नव्हता.

रात्रीच्या जेवणाला कुसुमने घास उचलला आणि हात तसाच मागे घेतला.

"ही कोण?"

"आई, आरसा आहे तो."

"आरसा कळतो मला. ही म्हातारी कोण, ते विचारतेय. ताईला कुठं घालवलंत?"

तिने पेटी मिटली आणि ओठही.

दुसऱ्या दिवशी काचवाल्याचे दुकान उघडायच्या आधीच गोपाळकृष्ण त्याच्या दारात उभे होते.

"काका, पारा गेलेला आरसा कोण ठेवतं? भंगारात गेला."

"कुठल्या भंगारात?"

"भंगाराला पत्ता असतो होय?" मग त्यांच्याकडे पाहून तो जरा नरमला. "जुना दिसणारा हवाय का? अॅसिड मारून देतो. नवी हॉटेलं होतात ना, तिकडे फार खपतो."

जे काळाने केले होते ते आता ऑर्डरवर मिळत होते. गोपाळकृष्णांनी तेही घेतले. बुडणाऱ्याला काडीची जात विचारण्याची सोय नसते. पण ते डाग रांगोळीसारखे मोजूनमापून पडले होते, आणि डागांच्या मधून प्रत्येक सुरकुती स्पष्ट दिसत होती.

"हिचा चेहरा भाजलाय," कुसुम म्हणाली आणि हळू आवाजात रडू लागली.

त्यांनी ती काच काढून पुन्हा लख्ख आरसा बसवला. त्यावर मलमलीचे फडके ताणले. कुसुमने ते ओढून काढले. मेणबत्तीची काजळी धरली, तर कुसुम म्हणाली, "आत अंधार आहे. तिथं कुणी नाही." काजळी पुसून काढली. तिच्या गळ्याखाली आता चमचाभर पाणीही उतरेना. ओठांच्या कडेने ओघळून पदरावर सांडे. घरभर पेट्या होत्या, प्रत्येकीत काही ना काही होते, आणि त्यांतले काहीही उपयोगाचे नव्हते.

ऋचाचा फोन आला. "बाबा, नळीचं ठरवायचं का? मी सुट्टी टाकते." आरसा बदलून आपण काय केले, ते तिला आता कळले होते.

"उद्या ये," ते म्हणाले.

सकाळी त्यांनी मऊ भात कालवला. मेतकूट, तूप. पेटी उघडून ते टेबलाशी वाकले, इतके की कपाळ झाकणाला टेकले. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला तो माणूस काचेला म्हणाला,

"अहो मंदाताई, या. मी हरलो."

फेब्रुवारीची गार सकाळ होती. त्या शब्दांची वाफ काचेवर पसरली. कुसुम पाहत होती. धुक्यात सुरकुत्या बुडाल्या. एक कपाळ उरले, त्यावरचे कुंकू.

"आलीस?" ती म्हणाली.

गोपाळकृष्णांनी चाचपडत वाटी पुढे केली. कुसुमचा घास काचेपर्यंत गेला आणि परत तिच्या तोंडात. तेवढ्यात धुके कडांकडून विरू लागले, ती म्हातारी पुन्हा येऊ लागली. त्यांनी ऊर भरून फुंकर घातली. दुसरा घास. पुन्हा श्वास, पुन्हा घास. एका श्वासात एकच घास बसत होता.

ऋचा दारात कधी येऊन उभी राहिली, ते त्यांना कळले नाही. वडिलांच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या, ओठ निळसर. ती खांद्यावरची बॅग न उतरवताच आली, त्यांना हलकेच बाजूला करून वाकली आणि काचेवर श्वास सोडला.

कुसुमने घास थांबवला. "ताई, आज तुझ्या तोंडाला कॉफीचा वास येतोय."

"हो," ऋचा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "तू जेव."

गोपाळकृष्ण खुर्चीत धापा टाकत बसले. खिडकीतून ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आले होते. अजून महिनाभर सकाळी गारवा राहील. पुढे काच तापेल, मग हे धुके तिच्यावर धरणार नाही. ऊन फणेरपेटीकडे सरकत होते. ते उठले, खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि लेकीचा श्वास संपण्याआधी पुन्हा काचेशी वाकले.