पेन्सिलीची खूण

"बोटं मुंगीसारखी वर चालवा, काका. खांदा उचलायचा नाही," व्यायाम करून घ्यायला घरी येणारी मुलगी म्हणाली.

काका भिंतीला तोंड करून उभे होते. जन्मभर लोकांची छतं रंगवून उजव्या खांद्याचा सांधा पार झिजला, तेव्हा डॉक्टरांनी तो काढून नवा बसवला. आता बोटं जिथे थांबत तिथे ही मुलगी पेन्सिलीने खूण करायची.

"बघा, परवापेक्षा वर."

"म्हटलं नव्हतं मी?" दारातून बायको लगेच म्हणाली.

जरा जास्तच लगेच. काकांच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली मुलगी निघाली की या दोघी जिन्यात कुजबुजत बसायच्या. विचारलं, तर "बायकांचं असतं काहीतरी."

मुलगी गेल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि भिंतीशी नाक नेलं. परवाच्या खुणेच्या थोडं वर रंग चमकत होता. कोणीतरी ओलं फडकं घासलं होतं.

"खूण कोणी पुसली?"

भाजी निवडणाऱ्या बायकोने मान वर केली नाही. "मी. पुसून खाली केली. हात वर जायचा थांबलाय. तुम्ही धीर सोडला असता."

"ती पण सामील?"

"तिला खुणेचं ठाऊक नाही. ती दर वेळी एवढंच म्हणते, डॉक्टर बोलले ते काकांना सांगून टाका."

"काय बोलले?"

"दुखणं जाईल. पण छताला ब्रश लावण्याइतका हात वर जाणार नाही. तुम्ही एक्स-रेला आत होतात. मी म्हटलं, मी सांगते."

"ऑपरेशनच्या आधी?"

"आधी. सांगितलं असतं, तर करून घेतलं असतं तुम्ही? उशीत तोंड खुपसून कण्हायचात. मला ऐकवत नव्हतं."

काकांना संताप आला होता, पण तो काढायचा कोणावर? झोप आता खरंच लागत होती.

संध्याकाळी त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. "छतं दुसऱ्या कोणाला दे. दारं-खिडक्या असतील तर मला सांग." मग बराच वेळ ऐकत राहिले. "नाही रे, हात छान आहे. छतापर्यंत जात नाही, एवढंच."

स्वयंपाकघरात बायको वरच्या फळीवरचं पातेलं काढायला स्टुलावर चढत होती. ते काम आजवर काकांचं. त्यांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

"हळू," ते म्हणाले.

ती उतरली, पातेलं घेऊन ओट्याकडे गेली. काका स्टूल धरून तसेच उभे होते.