चक निघेना

सकाळपासून घरात एकच आवाज चालला होता. ठण, ठण, आणि मग यांचा उसासा. माझ्या यजमानांचं नाव गजानन; ते एकदा घेऊन टाकते, पुढे आपलं 'हे' बरं. इंदुरात छत्रीबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत यांचं दुकान, दुकानात लोखंड कातायचं एक जुनं लेथ, आणि त्या लेथवरचा चक, म्हणजे काम पकडून फिरणारा जबडा, काही केल्या निघायला तयार नव्हता.

लेथ सासऱ्यांचं. होळकरांच्या कारखान्यात सासऱ्यांनी, मालोजीरावांनी, त्याच्यावर उभी हयात काढली. संस्थान मध्य भारत राज्यात गेलं, कारखान्यातलं जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा लोक हसले तरी त्यांनी तेच लेथ उचलून घरी आणलं. सासरे वारल्यावर लेथ यांच्याकडे आलं.

त्या दिवशी काम कधी नव्हे ते मोठं होतं. कापडगिरणीची पुली, परातीएवढी. चकाच्या जबड्यात ती मावत नव्हती. चक काढून त्या जागी फेसप्लेटची सपाट तबकडी चढवायची आणि तिच्यावर पुली आवळून कातायची, इतकं साधं काम. बरणीचं झाकण बसतं तसा चक आट्यांवर बसतो आणि उलटा फिरवला की सुटतो. निदान सुटायला हवा.

संध्याकाळी गिरणीचे दिनानाथ मिस्त्री येणार होते. काम मनासारखं दिसलं तर गिरणीचं पुढचं सगळं आमच्याकडे, नाहीतर पुली हातगाडीवर चढून सियागंजच्या दुसऱ्या दुकानात जाणार. आणि हे ग्वाल्हेरला.

ग्वाल्हेरचंही सांगून टाकते. आमच्या राज्याच्या राजधान्या दोन, उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दिवाळी झाली की सगळं सचिवालय फायलींच्या पेट्या घेऊन तिकडे निघतं. सासूबाईंचे भाऊ दौलतराव तिथे हेडक्लार्क. त्यांनी यांच्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती आणि त्याच रात्रीच्या गाडीनं ते निघणार होते. यांनी शब्द दिला होता, पुली झाली तर येणार नाही, नाही झाली तर मुकाट्यानं येईन. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. माझं सोडा, लोखंडाच्या वासाशिवाय हा माणूस जगणार कसा, याच विचारानं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सासूबाई मात्र मधल्या दारात शांतपणे तूर निवडत बसल्या होत्या. मला त्या शांतपणाचाच राग येत होता. भावाकडे जागा मागायला त्याच गेल्या होत्या. लेथ त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपायचं. ते सुरू झालं की त्या आतल्या खोलीत निघून जायच्या. आवाजानं डोकं उठतं म्हणायच्या.

यांनी चकात घासलेट मुरवलं. स्टोव्ह पेटवून मागची बाजू तापवली. जबड्यात जाड सळई पकडून तिच्यावर लांब पाइप घातला आणि लोंबकळले. शेवटी मीही पदर खोचून लोंबकळले. सळई वाकली, चक तसूभर हलला नाही. मी म्हटलं, हा चक तुमच्या आईच्या वळणाचा दिसतोय. हे हसलेसुद्धा नाहीत.

लेथ यांनी पुसून लख्ख केलं होतं, एक जागा सोडून. चकाच्या मागच्या कडेवर शेंदराचा जाड थर होता. खंडेनवमीला सासरे घरातल्या तलवारीला एक आणि लेथला एक असं शेंदराचं बोट लावायचे, दर वर्षी नेमकं त्याच जागी. त्यांच्यामागे सासूबाई लावायच्या. पूजेच्या जागेला घासलेटचं फडकं कोण लावणार?

दुपारी दौलतरावमामा वळकटी घेऊनच आले आणि दुकानातल्या स्टुलावर बसून उपदेश करू लागले. शिलेदारांच्या घरात हे तेलकट धंदे कशाला, असा एकूण सूर. मग ओघानं सासऱ्यांच्या पायाची गोष्ट निघाली. सासरे लंगडत. दसऱ्याच्या मिरवणुकीत घोडा उधळला, पाय मोडला, पण लगाम सोडला नाही, ही गोष्ट आमच्याकडे आरतीसारखी म्हटली जायची. मामा ती म्हणत होते आणि यांच्या कपाळाची शीर तटतटत होती.

एकाएकी हे उठले. चकाचा जबडा आणि खालचा पाट यांच्यामध्ये त्यांनी लाकडाचा ठोकळा अडकवला, मोटारीवरचा पट्टा काढला आणि पीळ देऊन पुन्हा चढवला. पट्ट्याला पीळ दिला की लेथ उलटं फिरतं. म्हणाले, आता झटक्यानं सुटेल नाहीतर तुटेल. खरं सांगते, मला बरंच वाटलं. काहीतरी होऊन जाऊ दे एकदाचं.

मागे सूप पडल्याचा आवाज झाला. तूर खोलीभर पसरली. सासूबाई येऊन पट्ट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गजा, उलटं फिरवू नकोस."

यांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

"तुझे वडील घोड्यावरून पडले नव्हते," त्या म्हणाल्या.

मामा स्टुलावरून अर्धे उठले, तसेच राहिले. सासूबाई त्यांच्याकडे न बघता सांगत होत्या. कारखान्यात, याच लेथवर, सासऱ्यांनी घाईत असाच पट्टा पिळून चढवला होता. चक आपोआप सुटत गेला आणि उडून नडगीवर पडला. शिलेदाराच्या नातवाचा पाय मशीननं मोडला, हे सांगायची लाज वाटली. दसरा त्याच आठवड्यात होता, घोडा आयता मिळाला. पायावर उभे राहिल्यावर त्यांनी चकाच्या कडेतून भोक पाडून आत बिनडोक्याचा स्क्रू बसवला, तो पुन्हा कधी सुटू नये म्हणून, आणि त्याच्यावर शेंदूर लावला. नंतर त्यांनी तो चक कधी काढला नाही की मोठं काम कधी घेतलं नाही.

"बोट लावताना तिथे खळगा लागतो," त्या म्हणाल्या. "सकाळपासून मला ठाऊक होतं. म्हटलं, न निघो. कारकुनाचे पाय तरी शाबूत राहतात."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि लगेच त्यांचा पट्ट्यावरचा हात दिसला. त्यांनी पट्टा अजून घट्ट धरून ठेवला होता, आणि माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

यांनी पेचकस उचलला, पण शेंदराला टेकवायला हात पुढे जाईना. तेव्हा सासूबाईंनीच तो काढून घेतला. चकाला हात जोडले आणि खरवडायला लागल्या. वरचा ताजा, मग काळपट, मग विटकरी, थर सुटत गेले आणि खाली स्क्रूची खाच दिसली. यांनी थेंबभर घासलेट सोडलं, दोन्ही हातांनी पेचकस पिळला. स्क्रू कुरकुरत बाहेर आला. मग सळईला एकच हिसका, आणि दिवसभर आमचा अंत पाहणारा चक गुमान फिरला.

मामा हळूच म्हणाले, "ताई, हे बाहेर कुठे बोलू नकोस."

फेसप्लेट चढली, पुली आवळून झाली, इतक्यात दिनानाथ मिस्त्री दारात. पुली निरखून झाल्यावर त्यांची नजर सासऱ्यांच्या पगडीतल्या फोटोकडे गेली.

"ये वही बाबूजी ना भिया, जो दसरे के जुलूस में घोड़े से गिरे थे?"

मामांनी सवयीनं तोंड उघडलं.

"घोड्यावरून नाही, मिस्त्रीजी," सासूबाई म्हणाल्या. "याच लेथवर. काम करताना."

मिस्त्रींनी आपला डावा हात पुढे केला. दोन बोटं अर्धीच होती. "हमारी भी ले गई, माँजी," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले. आरामात करा, हातगाडी उद्या सकाळी पाठवतो, असं त्यांनी यांना सांगितलं.

सासूबाई भावाकडे वळल्या. "दौलत, तू नीघ. तुझी गाडी चुकेल."

मग त्यांनी स्वतः पट्ट्यावरून हात फिरवून पाहिला. पीळ काढलेला होता. यांनी बटण दाबलं, लेथ घरघरलं. मी सवयीनं आतल्या खोलीचं दार उघडून बाजूला झाले. सासूबाई स्क्रू मुठीत धरून लेथजवळ उभ्या होत्या. पुली होईपर्यंत त्या आत गेल्या नाहीत.