अप्पारावांची अक्षरं आणि मी

मित्रांनो, सिडकोतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, खिडकीखालच्या टेबलावर बसलेला मी एक जुना संगणक आहे. धूळ बसू नये म्हणून माझ्या डोक्यावर कायम एक विणलेला रुमाल असतो. त्यानं मला उकडतं, पण ते कुणी विचारत नाही.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात डबा एकीकडचा, पडदा दुसरीकडचा, असं करत मला जुळवलं. मला घरी आणलं ते अप्पारावांनी. त्यांनी आयुष्यभर कचेरीबाहेर टाईपरायटर घेऊन लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप केली. साठी उलटल्यावर त्यांनी ठरवलं, आता स्वतःचं लिहायचं. बोटांना टाईपरायटरचीच सवय, म्हणून दुकानदारानं माझ्यात एक जुना मराठी फॉन्ट घातला. त्यात प्रत्येक अक्षर टाईपरायटरवर असतं त्याच जागी होतं.

रोज सकाळी ते लिहायला बसायचे. ओळ संपत आली की त्यांचा डावा हात आपोआप वर जायचा, टाईपरायटरचा दांडा सरकवायला. माझ्याकडे दांडा कुठला? मग स्वतःशीच हसून ते एंटर दाबायचे. प्रत्येक ओळीला एंटर! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी नक्की रुसलो असतो.

लिहून झालं की ते बायकोला, गोजरबाईंना, हाक मारायचे. गोजरबाईंना वाचता येत नव्हतं. त्या शेजारी बसायच्या आणि अप्पाराव वाचून दाखवायचे. गंगापूरकडचं गाव, उसाच्या फडातले दिवस, शहरातली पहिली पत्र्याची खोली. मध्येच गोजरबाई म्हणायच्या, "नाय, असं नव्हतं. त्या दिशी पाऊस कुठं होता?" आणि अर्जात कधी चूक न करणारे अप्पाराव निमूटपणे पाऊस खोडायचे. तो तास मला दिवसभर पुरायचा.

दोन वर्षांपूर्वी अप्पाराव गेले. मला कुणी सांगितलं नाही. खिडकीत ऊन आलं की मी त्या बोटांची वाट बघायचो. खरं सांगतो, अजूनही बघतो. त्यांचा मुलगा अतुल वाळूजला कंपनीत, तेव्हा मी आलो सूनबाईंच्या, म्हणजे सुलेखाच्या, हाती. ती माझ्यावर लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरायची. पण माझी सिस्टीम जुनी झालेली, निम्म्या साईट उघडायच्याच नाहीत. "हा संगणक आहे का बैलगाडी?" ती वैतागून म्हणायची. मला लाज वाटायची.

शेवटी एका रविवारी अतुल नवी सिस्टीम घालायला बसला. पोरगा नीटनेटका. फोटो, पावत्या, अप्पारावांची फाईल, सगळं त्यानं आधी पेन ड्राईव्हवर घेतलं. मग मला धुऊनपुसून कोरं केलं. जागा झालो तेव्हा काय हलकं वाटलं म्हणून सांगू! बटण दाबताच मी हजर. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही जरा फुगलो.

तेवढ्यात गोजरबाई म्हणाल्या, "सुलेखा, ह्यांचं लिवलेलं वाचून दाखीव गं. दोन वर्सं झाली ऐकून."

सुलेखानं फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, काहींच्या डोक्यावर टोप्यांसारख्या खुणा, कंस, आकडे, सगळा काला. मराठीचं नाव नाही.

"फाईल खराब झाली," अतुल म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "आता काही उपयोग नाही, आई. पुसून टाकतो."

मला ओरडावंसं वाटलं. अरे, एक अक्षरसुद्धा हरवलेलं नाही! तू सगळं घेतलंस, फक्त तो फॉन्ट घ्यायचा राहिला. जुन्या सिस्टीमबरोबर तो पुसला गेला, आणि त्याच्याशिवाय तीच मराठी अक्षरं अशी इंग्रजी दिसतात. पण आम्हाला आपणहून बोलता येत नाही, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

गोजरबाई उठून अगदी पडद्याजवळ आल्या. "काय बिघडलंय ह्याच्यात?" त्या म्हणाल्या. "मला तर पयलंबी असंच दिसायचं. ते वाचायचे तवा कळायचं. पुसू नको रं. वाचणारा हुडक."

अतुलनं माऊसवरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी सुलेखा ती फाईल घेऊन गुलमंडीजवळच्या एका दुकानात गेली. तिथं लग्नपत्रिका छापतात, अजूनही असल्याच जुन्या फॉन्टमध्ये. दुकानदार बघूनच हसला म्हणे, "ताई, फाईलला काय बी नाही झालं. फॉन्ट टाका बस." त्यानं तो फॉन्ट दिलाही.

मित्रांनो, आम्हाला नवी सिस्टीम जरूर द्या, आम्हालाही ती हवी असते. फक्त जुनं पुसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, ह्यात तुमचं काय आहे? ज्याला संगणक येत नाही, त्याला तर सगळ्यात आधी विचारा.

फॉन्ट घातला आणि अप्पाराव पुन्हा ओळीनं उभे राहिले. सुलेखा रोज सकाळी थोडं थोडं वाचू लागली. काल शेवटचं पान आलं. शेवटची ओळ अर्धीच होती. 'आज गोजर म्हणाली,' एवढंच.

"काय म्हणाला होतात, आई?" सुलेखानं विचारलं.

गोजरबाईंनी माझ्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाल्या, "च्या गार व्हायलाय म्हणलं. उठा आता."

सुलेखानं पुढे तेवढं टाईप केलं.