न पेटलेल्या दिव्याची साक्ष

मला बघून कुणी उठून उभं राहणार नाही. एक बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला टोचणी. एवढाच माझा संसार. पण टेस्ट लॅम्प म्हणतात मला, आणि आज मीच बोलणार आहे. गाडीत करंट कुठपर्यंत पोचलाय ते सांगणं माझं काम. पोचला तर पेटायचं, नाही तर गप्प बसायचं.

आधी मी एका ट्रकचा इंडिकेटर होतो. ट्रक इतका सावकाश की गोगलगायी त्याला हात दाखवून पुढे जायच्या. (थोडं वाढवून सांगतोय. दोनच गेल्या.) तो मोडीत निघाला तेव्हा गॅरेजवाल्या उस्तादांनी मला वाचवलं आणि वायरी जोडल्या. पस्तीस वर्षं मी त्यांच्या खिशात राहिलो. मग त्यांची नजर अधू झाली, गॅरेज त्यांच्या सूनबाईंनी हाती घेतलं आणि डिजिटल मीटर आला. दशांशासकट आकडे सांगणारा! मी ड्रॉवरमध्ये, वॉशरांच्या गर्दीत.

परवा दुपारी लाँड्रीवाल्या मावशी म्हातारी व्हॅन घेऊन आल्या. वायपर बंद. गाडीच्या तपासणीची त्या दिवशी शेवटची मुदत, तिथली खिडकी चारला बंद होणार, आणि वायपरशिवाय पास नाही.

सूनबाईंनी वायपरच्या मोटरचा प्लग काढला, मावशींना स्विच चालू करायला सांगितलं आणि प्लगला मीटर लावला.

"बारा व्होल्ट येतायत. म्हणजे मोटरच गेली, मावशी. आणि ही मोटर आता कुठे मिळत नाही."

"मग गाडी भंगारात घालू? आणि चादरींचे गठ्ठे काय डोक्यावर वाहू?" मावशी पायरीवर मटकन बसल्या.

खुर्चीतून उस्ताद म्हणाले, "माझा दिवा लावून बघ."

"बाबा, मीटर काय खोटं बोलतो?"

"खोटं नाही गं. पण तो नुसता वास घेतो आणि म्हणतो, जेवण तयार. दिवा जेवून बघतो."

सूनबाईंनी मला शोधून काढलं. चिमटा गाडीच्या पत्र्याला, टोचणी प्लगमध्ये. मी पेटलो नाही.

"घ्या! हाच गेलाय," सूनबाई हसल्या.

"जुनं ते सोनं म्हणतात," मावशी पुटपुटल्या, "हे तर जुनं ते जुनंच निघालं."

वाटलं, जरासं लुकलुकावं, अब्रू तरी वाचेल. पण नाही! करंट नाही तर उजेड नाही. नावं ठेवा, फेकून द्या, मी हलणार नाही.

"बॅटरीवर लाव त्याला," उस्ताद म्हणाले.

बॅटरीवर असा पेटलो की सूर्य ओशाळून ढगाआड गेला. पुन्हा प्लगला लावलं, पुन्हा अंधार. सूनबाईंचं हसू थांबलं. करंट नावापुरता, मीटरला पुरेल इतकाच येत होता, बाकीचा वाटेत कुठेतरी अडला होता. त्यांनी बॅटरीवरून मोटरला थेट वायर दिली. जिला मेली म्हटलं होतं ती गुरगुरत फिरली! मग मला स्विचशी नेलं. स्विचच्या अलीकडे मी लख्ख, पलीकडे मिट्ट काळोख. स्विच उघडला तर करंट जोडणारे आतले पॉइंट जळून कोळसा झालेले. बारीक पॉलिश पेपरने ते घासले, प्लग बसवला, आणि वायपर काचेवर सरसरले.

मावशी तीन वीसला सुटल्या. पावणेपाचला परत आल्या, काचेवर नवा पास चिकटवून. ऊन कडक, आणि वायपर चालूच.

"अहो, बंद करा ते!" सूनबाई ओरडल्या.

"धीर होत नाही गं, बाई!"

आता मी मीटरशेजारच्या खिळ्याला लटकतो. माझ्या काचेतली तार काळवंडलीय, फार दिवस निघणार नाहीत. सूनबाई म्हणतात, याच्या जागी एलईडी बसवू. माझं एवढं ऐका, माझ्यामागे बल्ब बसवाल तर जुन्या पद्धतीचाच बसवा. तो एलईडी चिमूटभर करंटवरही खूश होऊन पेटतो. आपल्याला तसला नको. पोटभर मिळाल्याशिवाय तोंड न उघडणारा हवा.