चमकुऱ्याच्या वड्या

छबुबाईच्या चमकुऱ्याचं अख्ख्या गल्लीत नाव होतं. अळूला आपल्याकडं चमकुराच म्हणतात. आईनं पाटोद्याहून दिलेला एक गड्डा तिनं न्हाणीमागं, लिंबाच्या सावलीत लावला, अंघोळीच्या पाण्यावर बारा वर्षं वाढवला. आई गेली, वाफा राहिला. छबुबाई सहा महिने ऊसतोडीला गेली तरी गड्डे मातीत निपचित पडून राहायचे अन् पावसाळ्यात पुन्हा फुटायचे.

औंदा ती परतली तर वाफ्याच्या जागी खड्डा! सगळे गड्डे शेजारच्या मंजुळाबाईच्या परसात, पपईखाली. सरपंचाची बायको ती, तिला कोण विचारणार?

"एक तरी द्या बाई, माझ्या आईचा हाय."

"पाटोद्याच्या बाजारात मिळतो की. आण विकत."

छबुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्याच हातानं फेकायला लावते का न्हाई बघ, ती मनात म्हणाली.

श्रावणात पानं पहिल्यांदा काढणीला आली, अन् सरपंचाकडं माजलगावचे पुढारी जेवायला आले. वड्या कराव्यात तर छबुबाईनंच, म्हणून बोलावणं आलं. हा चमकुरा खाजरा, चिंच घातल्याशिवाय घशाखाली उतरत न्हाई, हे मंजुळाबाईला कुठं ठाऊक? छबुबाईनं चिंच मागून घेतली अन् गुपचूप पदराला बांधली.

ताटं वाढली. मंजुळाबाईनं सगळ्यांदेखत वडी पुढं केली. "आधी तू खा. तुम्हा लोकांचा काय भरवसा?"

माघार घेईल ती छबुबाई कसली! तिनं वडी सावकाश चावली. घशात सुया टोचायला लागल्या, डोळ्यांत पाणी आलं.

"लई बेस झाल्यात," ती हसून म्हणाली अन् दुसरी उचलली. "आईची आठवण आली बघा."

मग पुढाऱ्यांनी ताव मारला, अन् थोड्या वेळानं जो काही ठसका उठला म्हणता! पाण्याचे तांबे कमी पडले, मोठे साहेब गळा धरून गाडीत बसले. छबुबाईनं तर दोन खाल्लेल्या, तिला कोण बोलणार? सगळा राग त्या झाडावर निघाला.

"उपटून फेक ती बला!" सरपंच घोगऱ्या आवाजात ओरडला. मंजुळाबाईनं स्वतः कुदळ घेतली अन् एकूण एक गड्डा भिंतीपलीकडं भिरकावला.

छबुबाईनं सगळे वेचले, लिंबाखाली पुन्हा लावले, वर न्हाणीचं पाणी सोडलं. तेवढ्यात मंजुळाबाईनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "तुला कसं काही झालं न्हाई गं?"

छबुबाईच्या घशातून आवाज फुटत न्हवता. तिनं पदराची गाठ सोडली, तिच्याकडं बघत चिंचेचं बुटुक तोंडात टाकलं अन् निवांत चोखत बसली.